एका राज्याच्या दोन जबान्या

म्हादईच्या पाण्याविषयी गोव्याने घेतलेल्या भूमिकेस आमचा पाठिंबा आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर पुढील मजकूर वाचून आम्ही शेजारच्या राज्याची वकिली करीत आहोत असा ग्रह कोणी करून घ्यायचा. आमची तक्रार निराळी आहे. जे अभयारण्य गोव्याचे सरकार कर्नाटकापुढे ढालीसारखे धरते, तेच अभयारण्य स्वतःच्या अंगणात आले की त्याला गळ्यातील लोढण्यासारखे वाटू लागते. एका प्रकरणात हे सरकार सांगते की, हे रान इतके मोलाचे आहे की त्यात उतरणारे पाणी कोणी वळवता कामा नये. दुसऱ्या प्रकरणात तेच सरकार सांगते की, या रानात वाघ येऊन-जाऊन असतात, त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देण्याचे कारण नाही. न्यायालय एक, पक्षकार एक, रान एक. जबान्या मात्र दोन. साध्या दिवाणी दाव्यात एखाद्या कुळाने असे केले असते तर न्यायाधीशांनी त्याला पिंजऱ्यातच झापले असते.

मागील वृत्तान्त थोडक्यात असा. म्हादई कर्नाटकातील खानापूर तालुक्यात उगम पावते, घाट उतरून सत्तरीत येते आणि पुढे मांडवी या नावाने पणजीपाशी समुद्रास मिळते. तिला मिळणाऱ्या कळसा आणि भांडुरा या प्रवाहांचे पाणी घाटमाथ्यावरच अडवून पूर्वेकडे, मलप्रभेच्या खोऱ्यात न्यावे, अशी कर्नाटकाची अनेक वर्षांची योजना आहे. २०१० साली या वादासाठी लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला : गोव्यास २४ टीएमसी, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३. कर्नाटकाच्या वाट्यापैकी ३.९ टीएमसी पाणी खोऱ्याबाहेर वळविण्यास मुभा मिळाली. निवाडा कोणासच रुचला नाही. तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. २०२२च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सुधारित आराखड्यास मान्यता दिली, तेव्हा गोव्यात एकच हलकल्लोळ उडाला. लगेच पुढच्या महिन्यात गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कर्नाटकास नोटीस बजावली. आधार घेतला तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २९व्या कलमाचा.

हे कलम वाचकांनी एकदा नीट समजून घ्यावे, कारण सगळी मेख तेथेच आहे. अभयारण्यात येणारे अथवा त्यातून बाहेर जाणारे पाणी वळविणे, अडविणे वा वाढविणे यास या कलमाने मनाई केली आहे. परवानगी द्यायचीच तर ती केवळ तेथील वन्यजीवांच्या भल्यासाठी व व्यवस्थेसाठी आवश्यक असेल तरच द्यायची. गोव्याच्या हाती यापेक्षा बळकट शस्त्र नाही. टीएमसीचा हिशेब करताना मलप्रभेकाठच्या तहानलेल्या गावांचे दुःखही तराजूत पडते, आणि ते दुःख खरे आहे. पण अभयारण्याचा मुद्दा आला की प्रश्न केवळ वाटणीचा राहत नाही. म्हणूनच गोव्याचे वकील आज वाघ, रान आणि २९वे कलम यांचे नाव आदराने घेतात.

आता गंमत अशी की, ज्या म्हादई अभयारण्याच्या जोरावर हे सारे चालले आहे, ते गोव्याच्या कोणत्याही लोकनियुक्त सरकारने दिलेले नाही. १९९९ साली गोव्यात राष्ट्रपती राजवट असताना राज्यपाल जेकब यांच्या कारकिर्दीत म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये जाहीर झाली. म्हादईचे क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर, नेत्रावळीचे २११. त्या वेळी लोकनियुक्त मंत्रिमंडळ गादीवर असते तर ती अधिसूचना निघाली असती काय, याची आम्हांस दाट शंका आहे. एका लष्करी शिस्तीच्या माणसाने काही महिन्यांत जे करून ठेवले, त्याचे व्याज आज पणजीचे सर्व पक्ष खात आहेत.

आणि मुद्दल? मुद्दल वाढविण्याची वेळ आली तेव्हा काय झाले ते पाहा. म्हादईचे वन कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानाशी जोडलेले आहे, तेथील वाघ इकडे वावरतात, म्हणून हे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करावे, असे तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०११ सालीच गोव्याच्या मुख्यमंत्र्यांस कळविले होते. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानेही तोच आग्रह धरला. पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, उत्तर मात्र बदलले नाही. अखेर गोवा फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी आदेश दिला : तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्पाची अधिसूचना काढा. सरकारने अधिसूचना काढली नाही. सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कर्नाटकास २९व्या कलमाची नोटीस देऊन तेव्हा पुरते एक वर्षही झाले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली आपल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे हा विषय सोपविला आणि समितीने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, जेथे वस्ती विरळ आहे तेथून आरंभ करून टप्प्याटप्प्याने व्याघ्र प्रकल्प करावा, अशी शिफारस केली.

सरकारची पहिली सबब अशी की, वाघ गोव्याचे रहिवासी नाहीत, ते पाहुणे आहेत. या सबबीस गोव्याच्याच भूमीने उत्तर दिले आहे, आणि ते उत्तर फार कटू आहे. २०२०च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात, सत्तरीतील गोळावली येथे चार वाघ मृतावस्थेत सापडले. एक वाघीण आणि तिचे तीन बछडे. विषप्रयोगाने मेलेले. पाहुणी म्हणून आलेली वाघीण तीन पिल्ले वाढवीत बसत नाही. ज्या रानात ती पिल्लांना घेऊन शिकार शिकवीत हिंडते, ते तिचे घर असते. आणि घराचा पुरावा कागदोपत्रीच हवा असेल, तर सत्तरीत वाघेरी नावाचा डोंगर उभा आहे. सत्तरी-सांगेच्या गावांत वाघ्रो देवाचे पाषाण आहेत आणि त्यांना आजही नारळ ठेवला जातो. पाहुण्याच्या नावाने कोणी पिढ्यान् पिढ्या देव मांडीत नाही.

पण ते चार वाघ कोणी मारले, याकडे पाठ फिरविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिकारी टोळीने नव्हे. गुरे राखून जगणाऱ्या एका कुटुंबातील माणसांना या प्रकरणी अटक झाली. त्यांची जनावरे वाघाने मारली होती. मेलेल्या जनावराच्या देहात विष घालण्याचा मार्ग त्यांनी पत्करला, असा आरोप होता. आम्ही या कृत्याचे समर्थन करणार नाही. तथापि रानात राहणाऱ्या गवळी-धनगराच्या बाजूने क्षणभर विचार करून पाहावा. दुभती गाय गेली म्हणजे घरचे उत्पन्न गेले. भरपाईसाठी अर्ज, पंचनामा, वनखात्याच्या कचेरीत हेलपाटे. घराखालची जमीन नावावर नाही. गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. धनगरांची तीच मागणी वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली आहे. जमातीच्या यादीत नाव नाही म्हणून वनहक्क कायद्याखाली त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्याच्या बापजाद्यांनी कधी कागद पाहिला नाही त्याने ७५ वर्षांचा कागद कोठून आणावा? अशा माणसाला अभयारण्य म्हणजे काय वाटत असेल? सरकारने त्याच्या अंगणात वाघ आणून बांधला आणि दोरी त्याच्या हाती दिली, एवढेच.

दुसरी सबब विस्थापनाची, आणि ती पहिलीपेक्षा भारदस्त आहे. व्याघ्र प्रकल्प झाला की हजारो लोकांना घरदार सोडावे लागेल, असे सत्तरीत गावोगाव सांगितले गेले. ही भीती निव्वळ कल्पित आहे असे आम्ही म्हणणार नाही. या देशात वाघाच्या नावाने गावे उठविली गेली आहेत आणि ‘स्वेच्छेने’ हा शब्द पुष्कळदा सरकारी कागदावरच राहिला आहे. २०२४च्या जूनमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रांतील ५९१ गावांच्या, सुमारे ६५ हजार कुटुंबांच्या स्थलांतराचे काम अग्रक्रमाने घ्यावे असे सांगितले, तेव्हा देशभरच्या आदिवासी संघटना खवळून उठल्या आणि ते रास्तच होते. ज्यांना वाघ म्हटला की फक्त छायाचित्र आठवते, अशा शहरी वन्यप्रेमींनी हे पत्र एकदा वाचावे.

परंतु कायदा काय म्हणतो? आधी हक्क ठरवा. मग ग्रामसभेची मोकळी आणि जाणती संमती घ्या. मग, माणसांना हवे असेल तर आणि तरच, दोन्ही बाजूंना मान्य अटींवर स्थलांतर. वन्यजीव कायद्याच्या २००६च्या दुरुस्तीत हेच आहे, त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्यातही हेच आहे. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगरांवर २०११ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याच वर्षी तेथील सोलिग आदिवासींचे सामूहिक वनहक्कही मान्य झाले. वाघ आणि माणूस यांना एकाच सातबाऱ्यावर नांदविता येते, हे त्या डोंगरांनी दाखविले आहे. तेव्हा गोव्यात विस्थापन होईलच असे सांगणारा एकतर कायदा जाणत नाही, किंवा कायदा पाळण्याची त्याची तयारी नाही. सरकारच्या बाबतीत यांपैकी पहिली शक्यता आम्ही धरीत नाही.

शिवाय विस्थापनाचा हा कळवळा सरकारला केव्हा येतो तेही पाहण्यासारखे आहे. सत्तरीतल्याच शेळ-मेळावली येथे आयआयटीसाठी जमीन घ्यायची ठरली, तेव्हा तेथील लोकांची काजूची झाडे आणि गुरांची चराऊ राने कोणाला आठवली नव्हती. २०२१च्या जानेवारीत बायाबापड्या रस्त्यावर आल्या, पोलिसांशी झटापट झाली, आणि मग कोठे तो प्रकल्प तेथून हलविण्याचे जाहीर झाले. त्या गावांना वाघाने नव्हे, सरकारने उठवू पाहिले होते. सत्तरीतील माणसाला जमिनीचा धाक आहे हे खरे; पण तो धाक डोंगरावरून खाली आलेला नाही.

अभयारण्य जाहीर करताना आतील लोकांचे हक्क कोणते, हे जिल्हाधिकाऱ्याने चौकशी करून ठरवायचे असते, आणि योग्य वाटल्यास ते हक्क अभयारण्यातही चालू ठेवण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. २००२च्या दुरुस्तीने तर ही चौकशी शक्यतो दोन वर्षांत आटोपावी असे म्हटले आहे. म्हादई आणि नेत्रावळी १९९९ची. दोन वर्षे सोडाच, दोन दशके उलटली तरी ते काम पुरे झाले नव्हते. म्हणून तर २०२३च्या निकालात उच्च न्यायालयाला वनवासीयांचे हक्क आणि दावे निकालात काढण्याचाही आदेश द्यावा लागला. वनहक्क कायद्याखाली गोव्यात सुमारे दहा हजार दावे दाखल झाले. कायदा होऊन पंधरा वर्षे झाली तेव्हाही त्यांतील बहुतेक धूळ खात पडले होते. अलीकडे काहींना सनदा मिळू लागल्या आहेत, त्याचा आम्हांस आनंद आहे. पण प्रश्न असा पडतो की, हे काम इतकी वर्षे का खोळंबले? आमचे उत्तर स्पष्ट आहे. हक्क मिटले की भीती मिटते. आणि भीती मिटली की व्याघ्र प्रकल्पास विरोध करायला लोकांच्या नावाचा आधार उरत नाही. दावा न मिटविलेला आदिवासी हा सरकारला फार उपयोगी पडतो. अभयारण्य नको असेल तेव्हा त्याला पुढे करता येते.

मोल्याचे प्रकरण या सगळ्यावर प्रकाश पाडणारे आहे. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटरचे हे रान. त्यातच दूधसागर आहे, तांबडी सुर्लाचे कदंबकालीन मंदिरही तेथेच आहे. २०२०च्या एप्रिलमध्ये, सारा देश टाळेबंदीत घरात कोंडला असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची बैठक पडद्यावरून झाली आणि या रानातून जाणाऱ्या काही कामांना तीत हिरवा कंदील मिळाला. महामार्गाचे चौपदरीकरण, रेल्वेचे दुपदरीकरण आणि उच्च दाबाची वीजवाहिनी या तीन कामांविरुद्ध मग गोवा पेटून उठला. घाटातून जाणारी ही रेल्वे पोर्तुगीज अमदानीतील, १८८०च्या दशकात बांधलेली. तिचे दुपदरीकरण कशासाठी? प्रवाशांसाठी, असे सांगण्यात आले. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे कोणत्या मार्गाने जातो, हे कुळ्याच्या फाटकापाशी अर्धा तास उभ्या राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

येथे पुन्हा २९व्या कलमाकडे वळू. पाणी वळविण्यास मनाई करणारे ते वाक्य आम्ही वर सांगितले, पण अर्धेच सांगितले. त्याच कलमात अभयारण्यातील वन्यजीवांचा अधिवास नष्ट करण्यास, त्याची हानी करण्यास वा तो अन्य कामी लावण्यास तितकीच सक्त मनाई आहे. कर्नाटकास दाखविताना गोव्याने या कलमाच्या एका भागावर बोट ठेवले आणि दुसरा भाग तळहाताखाली झाकला. कळशाचे पाणी वळविले तर अधिवासाची हानी होते, आणि त्याच डोंगररांगेत डोंगर कापून दुसरा रूळ टाकला तर होत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते? सर्वोच्च न्यायालयाच्या समितीला तरी ते पटले नाही. दुपदरीकरणाची मंजुरी रद्द करावी असे तिने २०२१ साली सुचविले आणि ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने कुळे-कॅसलरॉक-तिनईघाट टप्प्याची ती मंजुरी रद्दबातल ठरविली. सविस्तर अभ्यास करून पुन्हा अर्ज करण्याचे दार मात्र उघडे राहिले आहे, हे विसरून चालणार नाही.

आता थोडे पाण्याविषयी. गोव्यात पाऊस भरपूर पडतो. पण तो चार महिन्यांत पडतो आणि पडला तसा उतारावरून धावत सुटतो. घाट आणि समुद्र यांमधले अंतर इतके थोडे की, न अडविलेले पाणी काही तासांत खाऱ्या पाण्याला मिळते. त्याला थोपवून धरण्याचे काम रान करते. झाडाचा पर्णसंभार पावसाचा मारा अंगावर घेतो, खाली कुजलेल्या पाचोळ्याचा थर पाणी शोषतो, मुळांनी सैल केलेल्या मातीतून ते खाली झिरपते आणि मग जानेवारी ते मे असे पाच महिने झऱ्याझऱ्यांतून हळूहळू बाहेर येते. धरण पाणी साठविते हे सर्वांना दिसते. रान पाणी साठविते हे कोणाला दिसत नाही, कारण त्याच्या भिंतीवर मंत्र्याच्या नावाची कोनशिला नसते. रान तुटले की तोच पाऊस मातीसकट खाली येतो. पावसाळ्यात पूर, वैशाखात टँकर आणि धरणाच्या तळाशी गाळ.

मोल्याच्या रानातून उतरणारे ओहोळ खांडेपार नदीला मिळतात. त्या नदीवर ओपा येथे जलशुद्धीकरण केंद्र आहे आणि फोंडा व तिसवाडी या तालुक्यांची तहान तेथून भागते. नेत्रावळीच्या रानाचे पाणी साळावलीच्या धरणात येते आणि ते मडगावपर्यंत दक्षिण गोव्यास पाजते. म्हणजे पणजीच्या सरकारी कचेऱ्यांत ज्या पेल्यातून पाणी पिऊन मोल्याच्या रानावर टिपणे लिहिली जातात, त्या पेल्यातील पाणी मोल्याचेच असते! २०१९च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, कुर्टी-खांडेपारजवळ ओपाच्या मोठ्या जलवाहिन्या फुटल्या आणि राजधानीसह तिसवाडी कित्येक दिवस कोरडी पडली. घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेल्या पणजीकरांना तेव्हा नळ कोठून सुरू होतो हे प्रथमच कळले असावे. ते तर नुसते नळ फुटले होते; आठवड्यात जोडले गेले. उगमाचे रान फुटले तर ते कोणत्या खात्याचा अभियंता जोडणार आहे?

१९८७च्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकास हा शब्द रूढ केला आणि १९९२च्या रिओ परिषदेने तो जगभर नेला. आज तो प्रत्येक अंदाजपत्रकाच्या भाषणात असतो, अगदी नारळ फोडण्याच्या समारंभातही असतो. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यात सहा अभयारण्ये आणि एक राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे ७५५ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याचा पाचवा हिस्सा. इतका मोठा भाग कायद्याने राखलेला आहे, याचा उल्लेख पर्यटनाच्या पुस्तिकांत अभिमानाने होतो. विकासाच्या हिशेबात मात्र हा पाचवा हिस्सा अडकून पडलेली जमीन म्हणून धरला जातो. त्याने दिलेले पाणी फुकट, धरून ठेवलेली माती फुकट, सत्तरीच्या कुळागरांतील सुपारीला मिळणारा ओलावा फुकट. फुकटच्या वस्तूला जमेच्या बाजूस कोणी लिहीत नाही. कोळशाच्या वॅगनीला भाडे असते, म्हणून ती जमेस येते. दूधसागरला पर्यटक नेणाऱ्या जीपगाड्यांवर कुळ्यातील कुटुंबे पोसली जातात, ही एवढीच कमाई काय ती डोळ्यांना दिसते. अशा वहीला आम्ही शाश्वत विकासाची वही म्हणू शकत नाही. ती दिवाळे निघण्यापूर्वीची वही आहे.

नकाशावरही हे रान एकाकी नाही. उत्तरेस महाराष्ट्रात सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० सालचा. दोडामार्गाजवळ तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र २०२०चे. दक्षिणेस व पूर्वेस कर्नाटकाचे काळी आणि भीमगड. या माळेतील मधला मणी गोव्याच्या हाती आहे आणि तोच तेवढा ओवायचा राहिला आहे. ज्या कर्नाटकावर आपण निसर्गद्रोहाचा आरोप करतो त्याने घाटाच्या आपल्या बाजूस व्याघ्र प्रकल्प केला, आणि आपण आपल्या बाजूस करीत नाही, हे न्यायालयात प्रतिपक्षाच्या वकिलाला सुचणार नाही असे समजणे भोळेपणाचे आहे. म्हादईच्या दाव्यातील गोव्याचा पक्ष दुबळा करणारे काम गोव्यातच चालले आहे.

आमच्या समाजबांधवांनाही एक गोष्ट विचारावीशी वाटते. २०२०च्या नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदोर येथे हजारो माणसे रेल्वेच्या रुळांवर उतरली. त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती. मेणबत्त्या होत्या, गाणी होती. ती रात्र गोव्याच्या इतिहासात राहील. दुसरा रूळ आपल्या घरांच्या आणि कपेलांच्या अंगावरून जाणार होता, कोळशाची भुकटी आपल्या ताटात पडणार होती, म्हणून आपण उठलो, हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच रुळाच्या वरच्या टोकाला जो गावडा आणि जो धनगर राहतो, त्याच्या वनहक्काच्या दाव्यासाठी आपल्यापैकी किती जण एखाद्या कचेरीच्या पायरीवर उभे राहिले? साष्टीच्या नळाला येणारे पाणी सांग्याच्या रानातून येते. ते रान ज्याच्या दारात आहे त्याच्याशी आपले काही नाते आहे की नाही? वसईकडील आमच्या वाचकांना हे अधिक सांगायला नको. त्यांची बावखले बुजली, विहिरी मचूळ झाल्या, आणि ज्या डोंगरांतून गोडे पाणी येते त्या तुंगारेश्वराच्या रानाची आठवण पाणी तुटल्यावरच झाली.

२०२३च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानाला ठिकठिकाणी आगी लागल्या. विझविण्यासाठी नौदलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. आकाशातून पाणी ओतले गेले. खाली पायवाटा जाणणारी, वारा कोणत्या खिंडीतून फिरतो हे सांगू शकणारी माणसे गावोगाव होती. हेलिकॉप्टर बोलावणे खर्चाचे आहे. या माणसांना सामूहिक वनहक्क देऊन रान राखण्याचा अधिकार त्यांच्या ग्रामसभेकडे सोपविणे त्यामानाने अगदीच स्वस्त. कायद्याने तो अधिकार त्यांचा आहेच.

तेव्हा सरकारने दोहोंपैकी एक जबानी मागे घ्यावी. म्हादईचे रान बहुमोल आहे असे कर्नाटकास सांगायचे असेल, तर व्याघ्र प्रकल्पाविरुद्धचे अपील मागे घेऊन समितीने सुचविलेल्या टप्प्यांची अधिसूचना काढावी, आणि मोल्यातील दुसऱ्या रुळाचा नाद कायमचा सोडावा. पण त्याही आधी सत्तरी, सांगे आणि काणकोण येथील वनहक्कांचे दावे, वैयक्तिक तसेच सामूहिक, निकालात काढावेत. धनगरांकडून ७५ वर्षांचे कागद मागण्याऐवजी गावातील वृद्धांची साक्ष आणि जुन्या गोठ्यांच्या खुणा, ज्या नियमांना पुरावा म्हणून चालतात, त्या मानाव्यात. आणि मारल्या गेलेल्या जनावराची भरपाई मालकाच्या दारात नेऊन द्यावी. यासाठी कर्नाटकाची संमती लागत नाही, लवादाचा निवाडा लागत नाही, दिल्लीची मंजुरीही लागत नाही. ही कागदपत्रे ज्या कपाटांत आहेत त्यांच्या किल्ल्या गोव्यातच आहेत.